छातीवर बसणारी

मंगळवार, रात्र

पहाटे पुन्हा तेच झालं. जाग आली तेव्हा मी उताणी होते. खोली स्वच्छ दिसत होती: पडद्याच्या कडेने येणारा उजेड, खुर्चीवर टाकलेली शाल, अर्धवट उघडं कपाट. हात हलेना, मान वळेना. मग पायांच्या बाजूला गादी दबली, कुणी बसल्यावर दबते तशीच, आधी हळू आणि मग पुरती. ते वजन सरकत वर आलं आणि छातीवर थांबलं. श्वास ओढायला जावं तर छाती फुलेना. डाव्या कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं, माझ्यापेक्षा संथ लयीत. ओरडायला गेले, घशातून आवाज फुटला नाही. शेवटी सगळा जीव उजव्या पायाच्या अंगठ्यात गोळा केला. तो जरासा हलला आणि क्षणात सगळं संपलं.

उठून लगेच लिहून काढलं. ही सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे, कारण असे अनुभव तासाभरातच गोष्टीचं रूप घेऊ लागतात. चेहरा नव्हता तिथे चेहरा येतो. आज चेहरा नव्हता. डोळेही नव्हते. वजन होतं आणि श्वास होता, एवढंच.

पहिल्यांदा हे कॉलेजात असताना झालं होतं. घरी सांगितल्यावर एकाने बाधा झाली म्हटलं, दुसऱ्याने 'भलतंसलतं वाचत बसतेस, दुसरं काय होणार' म्हटलं. नेमकं काय झालं, कुठे वजन पडलं, डोळे उघडे होते का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. बाधा म्हणणारा आणि थोतांड म्हणणारा, दोघांनाही उत्तर आधीच ठाऊक होतं, त्यामुळे ऐकून घ्यायची गरजच नव्हती.

पुढे डेव्हिड हफर्ड या अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासकाचं काम हाती लागलं आणि एकदम हायसं वाटलं. हा माणूस १९७०च्या सुमाराला कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर काम करत होता. तिथले लोक 'ओल्ड हॅग'बद्दल सांगायचे. ही म्हातारी रात्री येते, छातीवर बसते, माणूस जागा असतो पण हलू शकत नाही. वैरी ती आपल्यावर सोडू शकतो असंही मानत, आणि तिच्या तावडीत सापडलेल्याला सोडवायचं तर त्याचं नाव उलटं उच्चारायचं. हफर्डला हे ऐकून धक्का बसला, कारण स्वतः विद्यार्थी असताना त्याने अगदी हेच भोगलं होतं आणि तेव्हा या म्हातारीचं नावही त्याच्या कानावर आलेलं नव्हतं. मग त्याने अशी दंतकथा जिथे कुणाला माहीत नाही तिथल्या लोकांना विचारलं. तेही तेच सांगत होते: पावलं, कुणीतरी आल्याची चाहूल, छातीवर दाब, ताठलेलं शरीर. १९८२ साली त्याचं पुस्तक आलं. गोष्टी ऐकून लोकांना भास होतात, हा समज त्याने उलटा केला. अनुभव आधी येतो, गोष्ट त्याच्या मागून.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: सांगणारी माणसं खोटं बोलत नव्हती आणि त्यांचं निरीक्षणही कच्चं नव्हतं. न्यूफाउंडलंडचा कोळी आणि अमेरिकेतला विद्यार्थी एकमेकांना न भेटता एकच तपशील देत असतील, तर तो तपशील नीट पाहिलेला आहे.

एकदा हे कळलं की जगभरच्या भुतांकडे बघायची नजरच बदलते. ब्राझीलमध्ये पिसादेरा आहे. किडकिडीत, लांब बोटांची, लांब नखांची बाई. छपरावर बसून वाट बघते आणि भरल्या पोटी उताणं झोपलेल्याच्या छातीवर उतरते. उताणं झोपणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो, हे आज झोपेचे अभ्यासकही सांगतात. ते पिसादेराची गोष्ट सांगणाऱ्या आज्यांनी कधीच हेरलं होतं! जपानमध्ये यालाच कानाशिबारी म्हणतात, तुर्कस्तानात काराबासान. हेन्री फ्युसेलीने १७८१ साली रंगवलेलं चित्र अनेकांनी पाहिलेलं असतं: पलंगावरून खाली लोंबणारी निजलेली बाई, तिच्यावर ठाण मांडून बसलेला बुटका जीव, पडद्यातून डोकावणारा घोडा. आज ते डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात आहे. त्या जिवाची बसण्याची ढब मी फार वेळ न्याहाळली आहे. तो कसली घाई करत नाही. माझ्याकडे येणारंही करत नाही.

माझ्या मनाला सगळ्यात जवळचा मात्र रशियन दोमोवोय. हा घराचा राखणदार, चुलीमागे राहणारा. बरा असतो, पण रात्री कधीकधी झोपलेल्या माणसावर दाब देतो. अशा वेळी घाबरून न जाता त्याला विचारायचं असतं, 'चांगल्यासाठी की वाईटासाठी?' त्याचा स्पर्श ऊबदार आणि केसाळ लागला तर भलं होणार, गार लागला तर काळजी घ्यायची. त्या लोकांकडे विचारण्यासारखा एक प्रश्न होता. अंग ताठलेलं, घसा बंद, आणि तरी मनात एक काम आहे: विचार, आणि स्पर्श कसा आहे ते बघ. भीतीला गुंतवून ठेवायची याहून शहाणी रीत माझ्या वाचनात नाही.

शरीरात काय घडतं हेही मला ठाऊक आहे आणि ते ठाऊक झाल्याने माझं काही हरवलं नाही. १९५३ साली अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली ती अवस्था दाखवून दिली, जिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात. याच झोपेत ठळक स्वप्नं पडतात आणि स्वप्नातली पळापळ अंगाने होऊ नये म्हणून मेंदू स्नायू सैल सोडून देतो. कधीकधी जाग येते, पण स्नायूंची ही सुट्टी संपलेली नसते. श्वासपटल आपलं काम करत असतं, श्वास चालू असतो, मात्र छातीचे स्नायू मनाने सांगून हलत नाहीत. मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं की तो मिळत नाही आणि वाटतं, वर कुणीतरी बसलंय. स्लीप पॅरालिसिस म्हणतात ते हेच. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०११ साली निघालेला अंदाज असा की, सर्वसामान्य लोकांपैकी सुमारे ८ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हे होतं आणि विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास जातं.

आणि ते दुसरं कुणीतरी? २००६ साली ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी एका तरुण रुग्णाबद्दल लिहिलं. अपस्माराच्या उपचारासाठी तिचा मेंदू तपासताना डाव्या कानशिलाच्या वरच्या मागच्या भागाला हलका विद्युतप्रवाह दिला, तेव्हा तिला आपल्यामागे कुणीतरी असल्याचं जाणवलं. ती आडवी होती तेव्हा तोही आडवा. गुडघ्यांना मिठी मारून बसली तर तोही बसलेला, आणि त्याने तिला कवेत घेतलेलं. हातात कार्ड दिलं तर त्याला ते हिसकावून घ्यायचं होतं. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. तो तिच्याच शरीराची सावली होता, तरी त्याला स्वतःची इच्छा होती.

भीती मात्र खरंच मारू शकते का, या प्रश्नावर मी बराच वेळ थबकते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस लाओसमधून अमेरिकेत आलेले ह्मोंग जमातीचे निर्वासित पुरुष, तरुण आणि धडधाकट, झोपेतच दगावू लागले. त्यांच्यात छाती दाबणाऱ्या त्सोग नावाच्या दुष्ट शक्तीवर विश्वास होता. तिला आवरणारे विधी परक्या देशात नीट पार पडत नव्हते, विधी सांगणारे जाणतेही जवळ नव्हते. अशा मृत्यूंचा संबंध पुढे हृदयाच्या ठोक्यांच्या एका आनुवंशिक बिघाडाशी जोडला गेला. पण शेली अ‍ॅडलर या संशोधक बाईंनी त्यांच्यात फिरून असं मांडलं की, दुबळ्या हृदयावर या भीतीचाही भार पडला असावा. मला ते पटतं. घरं सुटली, त्यांच्यासोबत संरक्षणही सुटलं आणि दाबणारी तेवढी बरोबर आली.

कुणीतरी असणं दर वेळी भयाचंच असतं असंही नाही. मे १९१६ मध्ये अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी शॅकल्टन आणि त्याचे दोन सोबती दक्षिण जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर ३६ तास चालत ओलांडत होते. आपण तिघं नाही, चौघं आहोत, असं शॅकल्टनला सारखं वाटत राहिलं. तो कुणाला बोलला नाही. पुढे कळलं, सोबत्यांनाही तसंच वाटलं होतं. तिघांनीही ते आपापल्या मनातच ठेवलं होतं.

हे गप्प राहणं मला फार छळतं. १९७१ साली वेल्समधल्या डेवी रीस नावाच्या डॉक्टरने जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्रीपुरुषांशी बोलून लिहिलं. जवळजवळ निम्म्यांना गेलेला माणूस जवळ असल्याचं जाणवलं होतं. काहींना नुसती चाहूल, साधारण १४ टक्क्यांना प्रत्यक्ष दिसलेला, १३ टक्क्यांना आवाज आलेला. दोन तृतीयांशांहून जास्त लोकांना त्याचा आधार वाटला होता. आणि ७० टक्क्यांहून अधिक जणांनी तोवर हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

कुणी बाहेरून येऊन माझ्या गादीवर बसतं, असं मी मानत नाही. पण जिला ते बसल्याचं जाणवलं तिचा शब्द मी खरा मानते आणि आधी तो पुरता ऐकून घेते.

आज दुपारी मावशीशी फोनवर बोलताना पहाटेचं सांगितलं, तर ती म्हणाली, "तुला म्हणून सांगते, ह्यांचं खोकणं मला अजून ऐकू येतं." काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. कधी येतं, कुठल्या खोलीतून, जाग असते की झोप, असं विचारत गेले. ती एकेक सांगत गेली. पहाटेच येतं, बाहेरच्या खोलीतून, आणि पूर्ण जाग असते, कारण ती तेव्हा उठून केस विंचरत असते. "डोकं फिरलं म्हणतील म्हणून बोलले नाही कुणाला," म्हणाली. मी तिला वेल्सच्या त्या डॉक्टरचं सांगितलं.

"त्या बायकांनाही आवाज यायचा?" तिने विचारलं.

"काहींना यायचा. काहींना तर दिसायचेही."

"दिसायचे? मला नाही बाई कधी दिसले," ती म्हणाली आणि मग काकांना खोकला कसा लागला, डॉक्टर सांगूनही ते विडी कशी सोडेनात, हे सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.