रिव्हरची वही, महिना सातवा: सेट हातात आणि डोकं बाहेर

मागच्या महिन्यात अपडेट टाकलं नाही कारण टाकण्यासारखं काही नव्हतं, पोकरमध्ये नुसता हरत होतो. या वेळी पण फार जिंकलोय असं नाही, पण का हरतोय ते कळलंय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. आधी मी ॲपवर छोट्या टेबलांवर खेळायचो, 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले, तेव्हापासून आमचा शुक्रवारचा घरगुती गेम हेच माझं विश्व. नाशिक, मित्राचा फ्लॅट, सहा-सात जण, पैसे अजिबात नाहीत, प्रत्येकाला 10,000 चिप्स आणि ब्लाइंड (हात सुरू होण्याआधी दोघांनी टाकायच्याच अशा चिप्स) 50/100. महिनाअखेर सगळ्यात कमी चिप्स ज्याच्याकडे त्याने रविवारी सगळ्यांना मिसळ घालायची. सलग तीन महिने मिसळ मीच घालतोय, मिसळवाला आता मला नावाने ओळखतो.

तर वही. दोन महिने मी फक्त एकाच प्रकारचे हात लिहून काढले: माझ्याकडे दोन पेअर किंवा त्याहून भारी काहीतरी आहे आणि रिव्हरला (बोर्डवरच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक पाच पानांतल्या, शेवटच्या पानाला) समोरच्याने बेट केलीय. बाकी सगळं सोडलं. 61 हात झाले. त्यातले 19 वेळा मी रेझ केलं (बेट आणखी वाढवली), 19 पैकी 13 वेळा कॉल आला (समोरच्याने तेवढ्याच चिप्स घातल्या), आणि त्या 13 पैकी 9 वेळा समोरचा जिंकला. म्हणजे माझं रेझ कॉल झालं की दहातले सात वेळा मी मेलेलो असतो. हा आकडा वहीत पाहिला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मला खरंच हसायला आलं.

उरलेल्या 6 वेळी समोरच्याने फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकली. तेव्हा मी लय खूश व्हायचो, बघा कसं पळवलं वगैरे. पण पळाला तो ब्लफवालाच की, किंवा एखादी फडतूस पेअर घेऊन उगाच बेट करणारा. तो नुसत्या कॉललाही हरलाच असता. रेझ करून मी त्याच्याकडून एक चिप जास्तीची काढली नाही.

आता हात क्रमांक 14, ज्याने सगळं सुरू झालं. मी बटणावर (सगळ्यात शेवटी खेळायची जागा), हातात सत्तीची जोडी, इस्पिक आणि चौकट. 300 केलं, बिग ब्लाइंडवरून दादाने (मित्राचा मोठा भाऊ, आयुष्यात कधी घाई केलेली नाही असा माणूस) कॉल केला. पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, 650. फ्लॉप (बोर्डवरची पहिली तीन पानं) बदाम राजा, किलवर सत्ती, बदाम चव्वी. सेट, एकाच आकड्याची तीन पानं! दादा चेक (काही न लावता पुढे), मी 400, कॉल. टर्नला (चौथं पान) इस्पिक दुर्री, दादा चेक, मी 1000, कॉल. पॉट 3450. रिव्हरला बदाम नव्वी आली आणि दोन रस्ते शांत बसलेल्या दादाने अचानक स्वतःहून 2500 टाकले.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं तर "सेट आहे, सेट आहे, सेट आहे". 8300 उरले होते, सगळे आत. दादाने चहाचा घोट घेतला आणि कॉल केला. बदाम छक्की-पंजी. फ्लश, एकाच रंगाची पाच पानं.

तेव्हा मी नशिबाला शिव्या दिल्या, दादाने टर्नला तो कॉल करायलाच नको होता वगैरे भाषण पण दिलं (वहिनींनी मधेच चिवड्याची बशी सरकवली म्हणून थांबलो). घरी येऊन पानं मांडून बसलो तेव्हा कळलं की नशीब बिशीब काही नाही. हा हिशोब जरा सविस्तर लिहितो कारण माझ्यासारखे बरेच असणार.

आधी कॉलचा हिशोब. पॉट 3450 अधिक त्याचे 2500 म्हणजे 5950, मला घालायचे 2500, एकूण होणार 8450. 2500 भागिले 8450, साधारण 30 टक्के. म्हणजे दहातले तीन वेळा मी पुढे असलो तरी कॉल बरोबर. हे आकडे मी आता पाठच केलेत: अर्ध्या पॉटची बेट असेल तर 25 टक्के लागतात, पाऊण पॉटला 30, पूर्ण पॉटला 33, आणि कुणी पॉटच्या दुप्पट ओव्हरबेट मारली तर 40. पाढ्यांसारखे पाठ करा, टेबलवर भागाकार होत नाही, निदान माझ्याच्याने तरी नाही.

मग समोर काय काय असू शकतं. बोर्डवर एकही जोडी नाही म्हणजे फुल हाऊस (तीन एका आकड्याची, दोन दुसऱ्या) नाही, आणि राजा-नव्वी-सत्ती-चव्वी-दुर्रीवर स्ट्रेट (लागोपाठची पाच पानं) पण बनत नाही, मी सगळ्या बाजूंनी बघितलं. मला मारणारं म्हणजे फ्लश, आणि नव्वीची जोडी असली तर तिचा सेट, त्याचे 3 कॉम्बो (दोन पानांच्या शक्य जोड्या). राजाच्या जोडीला दादाने आधीच वाढवलं असतं. फ्लशचे किती? माझ्या हातात एकही बदाम नाही, म्हणजे दादाचा एकही फ्लश मी अडवत नाहीये, हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. बोर्डवरचे तीन सोडले तर दहा बदाम बाहेर, सगळ्या जोड्या धरल्या तर 45 होतात पण दादा काही कुठलेही दोन बदाम घेऊन येत नाही, एक्क्याचे, लागोपाठचे असे धरून मी 20 पकडले. माझ्याखालचे: चव्वीचा सेट 3, दुर्रीचा सेट 3, एकाच रंगातले राजा-नव्वी 3, आणि स्ट्रेट हुकलेले छक्की-पंजी 3. झाले 12. बारा विरुद्ध तेवीस, म्हणजे 34 टक्के. लागतात 30. कॉल बसतो, काठावर पण बसतो.

आणि रेझ? रेझ केल्यावर हुकलेलं छक्की-पंजी फोल्ड. राजा-नव्वी पण दादा फोल्ड करतो. कॉल कोण करतं, तर 20 फ्लश, 3 नव्वीचे सेट आणि माझ्याखालचे 6 सेट. 29 मध्ये 6. रिव्हरनंतर आणखी पान येणार नाही, सुधारायला वाव नाही, त्यामुळे रेझ फायद्याचं व्हायचं तर मला *कॉल करणाऱ्यांतल्या* निम्म्याहून जास्त जणांना मी हरवायला पाहिजे. इथे पाचातला एक. म्हणजे एकच हात कॉलला चांगला आणि रेझला भयानक, दोन्ही एकाच वेळी. हे मला सात महिने कळत नव्हतं, मी आपला "हात भारी आहे का" एवढंच विचारायचो, आणि भारी असला की ढकल सगळं.

कॉल करून हरलो असतो तर 2500 गेले असते. गेले 8300. त्या महिन्याची मिसळ तिथेच ठरली.

पण मग मी उलटीकडे पडलो आणि ते जास्त लाजिरवाणं आहे. हात 14 नंतर दोन आठवडे रिव्हरला कुणीही बेट केली की मी शहाण्यासारखा नुसता कॉल. हात 31: वहिनींनी पहिल्या जागेवरून 300 केलं, मी बिग ब्लाइंडवर अठ्ठीची जोडी घेऊन कॉल. फ्लॉप चौकट राणी, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. त्यांनी 300, मी कॉल. टर्न इस्पिक राणी, मला फुल हाऊस. त्यांनी 900, मी गप्प कॉल. रिव्हर चौकट पंजी, मी चेक, त्यांनी 2300. माझ्याकडे 8500 शिल्लक.

आणि मी बसलो घाबरत. राणीची जोडी असली तर? राणी-अठ्ठी असली तर? कॉल केलं. वहिनींनी एक्का-राणी उलटली आणि वर म्हणाल्या, "अरे सगळे टाकले असतेस तरी मी कॉल करणारच होते, एक्का आहे बरोबर." 6200 चिप्स टेबलावर तशाच राहिल्या.

मोजलं असतं तर? दोन राण्या बोर्डवर, म्हणजे चार राण्यांचा एकच कॉम्बो. राणी-अठ्ठीला बाहेर एकच अठ्ठी उरलेली, त्यामुळे 2 कॉम्बो, तेही वेगवेगळ्या रंगाचे, वहिनी पहिल्या जागेवरून तसलं काही खेळत नाहीत. राणी-पंजी, राणी-तिर्री तर नाहीच. आणि माझ्याखाली: एक्का-राणी 8, राजा-राणी 8, तिर्रीचं फुल हाऊस 3, पंजीचं 3. बावीस विरुद्ध एक-दोन. त्यातले निम्मे पळाले तरी रेझ सोन्यासारखं. आणि वहिनी एक्का-राणी टाकत नाहीत हे पूर्ण नाशिकला माहितीये.

घाबरायचंच असेल तर मोठमोठ्यांनाही असं होतं म्हणा. 2017 च्या वर्ल्ड सिरीजच्या (पोकरची सगळ्यात मोठी स्पर्धा) मेन इव्हेंटला पहिल्याच दिवशी व्हनेसा सेल्ब्स्ट या नावाजलेल्या खेळाडूकडे एक्क्याचं फुल हाऊस होतं, बोर्डवर एक्का, सत्ती, पंजी, सत्ती, चव्वी, आणि तिला मारणारं म्हणजे समोरच्याकडे उरलेल्या दोन्ही सत्त्या. एकच कॉम्बो. रिव्हरला गाएल बॉमानने सगळे आत टाकले, सेल्ब्स्टने बराच विचार केला, कॉल केला, आणि त्या दोन सत्त्या तिथे होत्याच. पहिल्याच लेव्हलला स्पर्धेबाहेर. मी तो हात बऱ्याच वेळा बघितलाय. माझ्या मते कॉल बरोबरच होता, पण मला त्यात खरं आवडतं ते तिचं थांबणं. एवढा हात घेऊन बाई थांबून विचार करते, आणि आम्ही सेट दिसला की चिप्स ढकलायला दोन सेकंद लावत नाही.

तिसरा हात अजून सुटलेला नाही, मदत पाहिजे. मे महिन्यात गोव्याला गेलो होतो, मांडवीवरच्या एका कॅसिनोच्या बोटीवर दोन तास बसलो (बायकोला दूधसागरला जातो असं खोटं सांगून नाही, खरं सांगूनच गेलो). माझ्याकडे चौकट एक्का-गुलाम. बोर्ड चौकट दश्शी, चौकट छक्की, किलवर दुर्री, टर्न चौकट राजा, रिव्हर इस्पिक दश्शी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंढीकोट खेळणाऱ्या माणसाला दश्शी दिसली की आनंदच होतो, तसा मला पण अर्धा सेकंद झाला, मग लक्षात आलं की बोर्ड पेअर झालाय आणि माझा एक्क्याचा फ्लश आता पहिल्या नंबरचा राहिला नाही. पॉट 12,000, मी 8,000 लावले, समोर साठीचे एक काका, दोन तासांत त्यांनी रिव्हरला एकदाही रेझ केलं नव्हतं. 24,000.

मला घालायचे 16,000, एकूण पॉट होणार 60,000, म्हणजे 27 टक्क्यांच्या आसपास लागतात. छक्कीचं फुल हाऊस 3 कॉम्बो, दुर्रीचं 3, एका रंगातले राजा-दश्शी 2, एकूण 8. राजाची किंवा दश्शीची जोडी असती तर काकांनी आधीच वाढवलं असतं असं मी धरलं. म्हणजे मला खालचे फक्त 3 कॉम्बो पाहिजेत की कॉल बसला. तीनच! लहान फ्लश घेऊन काका रेझ करतील का? ब्लफ करतील का? मी काकांकडे बघितलं, ते समोरच्या बोटीचे दिवे बघत होते. फोल्ड केलं. पानं त्यांनी दाखवली नाहीत, आणि विचारायची पद्धत नसते म्हणून विचारलं पण नाही, पण परतीच्या बसमध्ये रात्रभर तेच. कागदावर तीन कॉम्बो म्हणजे काहीच नाही, कुठल्याही ॲपवरच्या पोराविरुद्ध मी डोळे मिटून कॉल केला असता. पण त्या काकांकडे तीन होते? मला अजूनही वाटतं नव्हते. ज्यांनी लाइव्ह खूप खेळलंय त्यांनी सांगा.

या महिन्याचा बदल म्हणजे वहीत एक नवीन रकाना केलाय, "रेझ केलं तर कॉल कोण करणार", आणि टेबलवर वही चालत नाही म्हणून बोटांवर मोजतो. माझ्याखालचे उजव्या हातावर, वरचे डाव्या हातावर. परवाच्या शुक्रवारी परत तोच प्रसंग, माझा नव्वीचा सेट, रिव्हरला तिसरं किलवर, दादाची बेट. मोजलं, नुसता कॉल केला, हरलो, आणि 2000 गेल्यावर मी इतका खूश होतो की वहिनींनी विचारलं तब्येत बरी आहे ना.

फक्त एक गडबड झालीये. तासाभराने मला खरंच मोठा हात लागला, रिव्हरला वहिनींनी बेट केली, मी मोजायला लागलो, उजव्या हाताची पाचही बोटं संपली आणि डाव्याचं एकच उठलं. शोव्ह केलं, सगळे आत. वहिनींनी माझ्या हातांकडे बघितलं, एक्का-राजा पानं वर करून टाकून दिली आणि म्हणाल्या, "सहा मोजलेस ना, मग मी कशाला येऊ?"

पुढच्या शुक्रवारपासून हात टेबलाखाली.