तळ्यात, मळ्यात आणि सेव्ह फाइल

भांडणात कुणाची तरी बाजू घ्यायची वेळ आली की मला तहान लागते. उठून पाणी प्यायला जायचं. परत येईपर्यंत विषय बदललेला असतो. आजवर ही युक्ती बरी चालली. 'जीनफोर्ज' या गेममध्ये मात्र ती फसली. तिथली मंडळी प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट पाहत उभी राहतात. तुम्ही पाणी पिऊन या, जेवून या, दोन दिवसांनी या. प्रश्न आपला स्क्रीनवर तसाच.

हा गेम २००१ सालचा. जेफ व्होगेल नावाच्या गृहस्थाने १९९४ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये स्पायडरवेब सॉफ्टवेअर ही छोटीशी कंपनी काढली आणि तेव्हापासून तो असेच गेम करत आला आहे: चित्रं बेतास बात, मजकूर भरपूर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे काय जुनाट! तासाभराने तोच माणूस खुर्ची पुढे ओढून वाचत बसलेला असतो.

आपण शेपर पंथातले शिकाऊ. शेपर म्हणजे जिवंत प्राणी घडवणारे लोक. त्यांची होडीसुद्धा जिवंत. ती बुडते आणि आपण सुशिया नावाच्या बेटाला लागतो. शेपरांनी हे बेट दोनेकशे वर्षांपूर्वी सोडलं, वर तिथे जायला बंदीही घातली. जाताना त्यांनी आपले नोकर मागेच ठेवले. 'सर्व्हाइल' म्हणतात त्यांना, कष्टाच्या कामांसाठीच घडवलेले. मालक का गेले, परत येणार का, काहीच सांगितलेलं नाही. मग मागे राहिलेल्यांनी काय करायचं? त्यांनी वाद घातला आणि त्यातून तीन गट झाले.

ओबेयर्स म्हणतात, शेपर आपले देव आहेत, परत येईपर्यंत आज्ञा पाळायची. अवेकन्ड म्हणतात, आम्हीही विचार करतो, तेव्हा मान द्या, बरोबरीने वागवा. टेकर्स म्हणतात, मागून कुणी देत नसतं, शेपर म्हणजे शत्रू. आणि या सगळ्यांत आपण जाऊन पडतो, अंगावर शेपरांचा शिक्का घेऊन. अजून परीक्षासुद्धा पास न झालेल्या माझ्यापुढे एक सर्व्हाइल वाकला, तेव्हा मी खरोखर खुर्चीत सावरून बसलो. लाज वाटली. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे तिघांच्याही होला हो केलं. ओबेयर्सकडे शेपरांच्या थाटात बोललो, टेकर्सकडे गुळमुळीत. प्रत्येक महत्त्वाच्या बोलण्याआधी गेम सेव्ह करून ठेवायचा, उत्तर अंगाशी आलं की मागे जायचं. तळ्यात, मळ्यात, तळ्यात. एकदा मोजल्या तर सव्वीस सेव्ह फाइल झाल्या होत्या आणि त्यांतल्या कुठल्या फाइलमध्ये मी कुणाला काय कबूल केलंय ते माझं मलाच आठवेना. गंमत म्हणजे कुठल्याच गटात न जाताही हा गेम पुरा करता येतो. म्हणजे माझ्यासारख्यांची सोय आहे. पण ती वाट धरली की कुणीच आपलं नसतं आणि एकेका गावातून जाताना ते जाणवत राहतं.

शेवटी अवेकन्डना शब्द दिला. बोलणं सभ्य, मागणं रास्त. आपण बरोबरीच्या बाजूचे, या समाधानात मी पुढे निघालो.

माझ्याबरोबर एक फायोरा होता. लहानसा, आग ओकणारा सरडा. अगदी सुरुवातीला घडवलेला, मी दोन पावलं टाकली की मागून दोन पावलं टाकणारा. किती लढायांत तो माझ्या पुढे उभा राहिला, त्याची गणती नाही. पण आता शत्रू दांडगे झाले होते आणि मला व्लिश नावाचा जास्त ताकदीचा प्राणी हवा होता. प्राणी घडवायला इसेन्स लागतो, आपल्याच अंगातला. तो कमी पडत होता. यावर गेममध्ये सोपा उपाय आहे: आधी घडवलेला प्राणी परत आपल्यात शोषून घ्यायचा, की त्यात अडकलेला इसेन्स मोकळा होतो. एक बटण. प्राणी ओरडत नाही, काही विचारत नाही.

मी बटण दाबलं. आकडा वर गेला, मी व्लिश घडवला. दोन खोल्या पुढे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की या वेळी आधी सेव्ह करायचं सुचलंच नव्हतं. अवेकन्डच्या गावात परतलो तेव्हा नव्या व्लिशबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी उठलो आणि पाणी प्यायला गेलो.