रिंग वाजते, आवाज येत नाही

मंगळवार, रात्री

आज परत तेच. सपोर्टच्या मॅडम घरून व्हीपीएन (इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत नेणारी बंदिस्त वाट, म्हणजे टनल) लावून सॉफ्टफोनवर (लॅपटॉपवरच्या फोनच्या ॲपवर) बसतात, टीममधला नवीन मुलगा पण त्याच्या घरून बसतो, आणि या दोघांचा एकमेकांना फोन लागतो, रिंग जाते, उचलला जातो, स्क्रीनवर सेकंद पळायला लागतात, फक्त आवाज नाही. दोन्हीकडे नाही. मी ऑफिसच्या टेबलावरच्या फोनवरून मॅडमना लावला तर खणखणीत. त्या मुलाला लावला तरी येतो, त्याचा अधूनमधून तुटतो पण येतो. ग्राहकांचे कॉलसुद्धा दोघांना येतात. म्हणजे घर ते घर एवढंच बंद.

शुक्रवारपासून मी मॅडमना हेडसेट बदलायला लावला, माइकची परमिशन तपासली, सॉफ्टफोन दोनदा काढून परत टाकायला लावला. त्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. आज संध्याकाळी म्हणाल्या, "अगं, मला पहिला 'हॅ' ऐकू येतो. हॅलोमधला हॅ. मग सगळं गप." हे त्यांनी शुक्रवारी पण सांगितलं होतं आणि मी ते कानाआड केलं, याचं आता फार वाईट वाटतंय. कारण 'हॅ' येत असेल तर हेडसेट चांगला आहे, माइक चांगला आहे, कोडेक (आवाजाचा डेटा करायची पद्धत) जुळलाय, आवाज जाण्याचा रस्ता सुरुवातीला उघडा आहे. आणि नंतर कोणीतरी तो बदलतंय.

झोप येत नाहीये म्हणून इथेच मांडून बघते. फोन लागणं वेगळं आणि आवाज जाणं वेगळं. लावायचं काम सिप (फोन जोडायची ठरलेली भाषा) करतं, पोर्ट ५०६०, कोण कोणाला बोलावतंय, रिंग वाजवा, उचलला, ठेवला, एवढंच. त्या निरोपाच्या आत एक छोटी चिठ्ठी असते, एसडीपी, तिच्यात प्रत्येक फोन सांगतो की माझ्यासाठीचा आवाज या आयपीवर, या पोर्टवर पाठवा. पुढे आवाज आरटीपीच्या (आवाज वाहून नेण्याच्या पद्धतीच्या) पॅकेटांतून, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांतून, जातो, वेगळ्या पोर्टवरून, आणि वेगळ्या वाटेनेही जाऊ शकतो. सिप नेहमी आमच्या एक्सचेंजवरूनच, म्हणजे ऑफिसच्या फोन सर्व्हरवरूनच, जातं. आवाजाने तिथूनच जायला पाहिजे असं काही नाही. रिंग वाजली म्हणजे सिप पोचलं, बस, आवाजाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. मी चार दिवस रिंग वाजतेय म्हणून नेटवर्क ठीक धरून चालले होते.

बुधवार

सकाळी मॅडमच्या लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं, त्यांना विचारून आणि फक्त टेस्ट कॉलपुरतं, कारण पॅकेट पकडली की त्यातलं बोलणं वाजवून ऐकता येतं आणि ग्राहकांचं बोलणं माझ्या हाती नकोय. अर्धा तास तर असाच गेला कारण कॅप्चर वायफायच्या ॲडॅप्टरवर चालू होतं, तिथे सगळं एन्क्रिप्ट झालेलं, व्हीपीएन सर्व्हरच्या दिशेने जाणारी एकसारखी पॅकेट सोडून काही दिसणार नाही. व्हीपीएनचा जो व्हर्च्युअल ॲडॅप्टर असतो त्याच्यावर कॅप्चर लावलं की आतलं उघडं दिसतं, सिप पण आणि आरटीपी पण.

मग कळलंच. कॉल उचलला, मॅडमचा आवाज एक्सचेंजच्या आयपीकडे निघाला, तिकडून त्या मुलाचा आवाज आला. आणि लगेच एक्सचेंजकडून दुसरं इन्व्हाइट, म्हणजे चालू कॉलमध्येच नवीन चिठ्ठी, की आता आवाज थेट १०.८.०.१४ ला पाठवा. हा त्या मुलाचा टनलमधला पत्ता. त्यालाही तसंच सांगितलं गेलं, मॅडमच्या पत्त्यावर पाठव म्हणून. एक्सचेंज मधून बाजूला झालं. याला डायरेक्ट मीडिया म्हणतात, हेतू चांगला आहे, दोन फोन एकमेकांना थेट पोचत असतील तर सर्व्हरवरून आवाज फिरवून उशीर कशाला वाढवायचा. ऑफिसच्या आत ते छान चालतं. टेबलावरचा फोन आणि घरचा लॅपटॉप यांच्यात पण चालतं, कारण व्हीपीएन सर्व्हर ऑफिसच्या फोनांपर्यंत वाट देतो. पण एका घरच्या लॅपटॉपवरून दुसऱ्या घरच्या लॅपटॉपपर्यंत तो वाट देत नाही. दोघं बोलत होते, दोघांची पॅकेट व्हीपीएन सर्व्हरवर येऊन टाकून दिली जात होती.

चिठ्ठी बदलायच्या आधी मॅडमकडे ११ पॅकेट आली होती. एका पॅकेटात २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. ११ गुणिले २०, म्हणजे २२० मिलिसेकंद. हाच तो 'हॅ'. मी ते मोजून मॅडमना सांगितलं तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "बघ, मी म्हणत होते ना." हो मॅडम, तुम्ही म्हणत होतात.

दुपारी व्हीपीएन बघणाऱ्या दादांना फोन केला. "दादा, क्लायंट ते क्लायंट, म्हणजे लॅपटॉप ते लॅपटॉप, बंद आहे का आपल्याकडे?" "बंद आहे आणि बंदच राहू दे. एकाच्या लॅपटॉपमध्ये काही शिरलं तर ते बाकी सगळ्यांच्या दारापर्यंत जायला नको." मला हे शंभर टक्के पटलं. फोनसाठी ही भिंत पाडणं मला स्वतःलाही नको होतं. म्हणून घरून वापरायच्या एक्स्टेंशनांवर (ऑफिसच्या आतल्या फोन नंबरांवर) डायरेक्ट मीडिया बंद केलं, आता आवाज शेवटपर्यंत एक्सचेंजमधूनच जाईल. सर्व्हरवर ओझं वाढतं ते किती, तर जी.७११ कोडेक म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर आयपी, यूडीपी, आरटीपीचे हेडर (पत्ता, क्रमांक वगैरे माहिती) मिळून ४० बाइट, झाले सेकंदाला ८० किलोबिट एका दिशेला, त्यावर व्हीपीएनचं वेष्टण. घरून बसणारे १२ जण एकदम बोलले तरी आमच्या लाइनला ते जड नाही.

चार वाजता दोघांचा कॉल लावून बघितला. आवाज आला. मुलगा पहिलं वाक्य बोलला ते असं, "मॅडम, मला वाटलं तुम्ही मुद्दाम बोलत नाही." दहा दिवस झालेत त्याला जॉइन होऊन. कॉलवर अडला की मॅडमना विचारायचं असं त्याला सांगितलेलं, त्याने विचारायला फोन केला की पलीकडे उचलला जायचा आणि शांतता. त्याने कोणाला सांगितलं नाही, मग आपला आपणच चॅटवर विचारायला लागला. हे ऐकून मला कसंतरीच झालं.

गुरुवार

आता त्याचा तुटणारा आवाज. टीममधल्या एकाने सुचवलं की जी.७२९ कोडेक लाव, ८ किलोबिटचा आहे, लगेच फरक पडेल. पण व्हीपीएनवर हा हिशोब फसवा आहे. त्यात एका पॅकेटात आवाज २० बाइट आणि हेडर ४०, त्यावर व्हीपीएनचे अजून साधारण ५०-६० बाइट, म्हणजे बोलणं थोडं आणि वेष्टणच जास्त. आणि पॅकेट तर तेवढीच, सेकंदाला ५०. शिवाय त्याची लाइन भरलेलीच नव्हती, मग कमी डेटा पाठवून काय होणार.

पिंग चांगलं होतं, जाऊन येऊन ६० मिलिसेकंद. एका बाजूने १५० पर्यंत उशीर बोलताना खटकत नाही असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.११४ शिफारशीत आहे, त्याच्या कितीतरी आत. एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) पण संशय घेऊन झाला, पण मोठ्या पॅकेटने सिपचं इन्व्हाइट अडकू शकतं, २०० बाइटचा आवाज कशाला अडकेल, ते सोडून दिलं.

मग त्याच्याकडचं कॅप्चर उघडलं आणि बघतच राहिले. लॉस शून्य. आरटीपीच्या प्रत्येक पॅकेटला अनुक्रमांक असतो, एकही नंबर गळालेला नाही, आणि तरी माणसाला आवाज तुटक ऐकू येतोय. वेळेचा कॉलम बघितला तेव्हा उलगडा झाला. पॅकेट २०-२० मिलिसेकंदांनी येतायत, येतायत, मग जवळपास ४०० मिलिसेकंद काहीच नाही, मग एका दमात २० पॅकेट. परत सुरळीत. परत खंड आणि परत लोंढा.

हे टीसीपीचं लक्षण. त्याला विचारलं, व्हीपीएनच्या खिडकीत काय लिहिलंय बघ, तर टीसीपी, पोर्ट ४४३. आमचं व्हीपीएन आधी यूडीपीवर (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणाऱ्या पद्धतीवर), पोर्ट ११९४ वर प्रयत्न करतं, नाही जमलं तर गुपचूप टीसीपीवर जातं, आणि तो राहतो तिथलं सामायिक वायफाय यूडीपी ११९४ सोडत नाही. टीसीपीचा स्वभाव असा की एक पॅकेट हरवलं तर ते परत मिळेपर्यंत मागची सगळी रांगेत थांबवून ठेवायची, क्रम मोडायचा नाही. फाइल पाठवताना यापेक्षा चांगलं काही नाही. पण आवाजाला हे मारक आहे, कारण २० मिलिसेकंदांचा एक तुकडा गेला तर कानाला कळतही नाही, सॉफ्टफोन तो झाकून घेतो, पण त्या एकासाठी १९ थांबवली तर ती सगळीच उशिरा येतात आणि जिटर बफर (पॅकेट क्षणभर साठवून सलग वाजवणारा भाग) त्यांना फेकून देतो. पॅकेट पोचली, पण वाजवायची वेळ निघून गेल्यावर. म्हणून लॉस शून्य दिसतो. व्हीपीएनच्या आत आवाज यूडीपीवर आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, बाहेरचं वेष्टण कशाचं आहे ते बघावं लागतं, आणि मला हे पाठ असूनही मी पहिल्या दिवशी त्याला विचारलं नव्हतं.

दादांनी रात्री सर्व्हरवर यूडीपी ४४३ पण उघडून दिलं. आजकाल ब्राउझरचं एचटीटीपी ३ त्याच पोर्टवरून यूडीपीवर चालतं, त्यामुळे बरीच नेटवर्क ते अडवत नाहीत. त्या वायफायनेही नाही अडवलं.

शुक्रवार

आज दिवसभर दोघांचे कॉल बघत होते. मुलाचा जिटर (पॅकेट येण्याच्या वेळेतला चढउतार) सकाळपासून १० मिलिसेकंदांच्या खाली. दुपारी एकदाच थोडं घरघरलं, त्याने स्वतःच सांगितलं की लॅपटॉपवर बॅकअप अपलोड होत होता, तो थांबवला की साफ. त्याला आता या गोष्टी सांगायचा धीर आलाय ते बरं वाटलं.

एक तक्रार अजून उरलीय, तिसऱ्या एका एक्स्टेंशनचा कॉल नेमका ३२ सेकंदांनी कटतो. नेमका ३२ आहे म्हणून मला त्यात आशा वाटते. कॉल उचलल्याचा ओके निरोप पोचल्याची पावती आली नाही तर सिप तो निरोप ३२ सेकंद परत परत पाठवतं आणि मग कॉल सोडून देतं, म्हणजे पावती कुठेतरी चुकीच्या पत्त्यावर जातेय. सोमवारी आधी त्यांच्या सॉफ्टफोनने सिपच्या कॉन्टॅक्टमध्ये (मला निरोप इथे पाठवा, या ओळीत) टनलचा पत्ता दिलाय की घरच्या वायफायचा ते बघायचं. आणि यावेळी कॅप्चर घेतल्याशिवाय त्यांना काहीही काढून परत टाकायला सांगायचं नाही.

तक्रारीच्या फॉर्मवर पहिला प्रश्न होता, "हेडसेट तपासला का?" तो काढला. तिथे आता दोन आहेत, कोणाकोणामध्ये बोलणं होत नाही, आणि नेमकं किती ऐकू येतं.

संध्याकाळी सहाला लॉग बघितला तर मुलगा आणि मॅडम यांचा एक कॉल अजून चालू होता. ४१ मिनिटं झाली होती. मी लॉग बंद केला आणि निघाले.