काट्यावरचा फोन

पांढरकवड्याच्या बाजूला एका जिनिंगचं नेटवर्क मी सांभाळतो. कापसाची आवक वाढली की गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते आणि काट्यावरून ऑफिसात वजनं सांगणारा फोन थांबत नाही. यंदा ऐन गर्दीत ऑफिसातले मुनीमजी सारखे म्हणायचे, "भाऊ, आवाज तुटून राह्यला, पुन्हा सांगा!" एकदा 'सत्तावन्न'मधला 'वन्न' गिळला गेला आणि वहीत सत्तावीस लागले. तीस किलो! पावतीशी ताळा करताना सापडलं म्हणून बरं. पहाटे घरून निघालेल्या शेतकऱ्याचा कापूस असा कमी लागलेला मला सहन होत नाही.

आवाज एकाच बाजूनं तुटायचा. ऑफिसातलं बोलणं काट्यावर स्पष्ट, काट्यावरचं मात्र ऑफिसात तुटक. खूण तिथंच होती. यार्डातले 16 कॅमेरे, प्रत्येकी साधारण 4 एमबीपीएस (सेकंदाला 40 लाख बिट), सगळे ऑफिसातल्या रेकॉर्डरकडे धावतात. त्यात दुपारी काट्याच्या कॉम्प्युटरचा बॅकअप. यार्ड आणि ऑफिस यांच्यामधली लाइन 100 एमबीपीएसची, फोनही तिच्यावरच. म्हणजे कोंडी यार्डातल्या स्विचच्या (सगळ्या केबल जोडणाऱ्या पेटीच्या) बाहेर जाणाऱ्या पोर्टवर, म्हणजे केबलच्या तोंडावर.

एका कॉलला एका दिशेनं 90 केबीपीएससुद्धा (एमबीपीएसचा हजारावा भाग म्हणजे केबीपीएस) लागत नाहीत. पण दर 20 मिलिसेकंदांनी एक पॅकेट, म्हणजे आवाजाचा छोटा तुकडा, वेळेवर पोचलंच पाहिजे. उशिरा आलेल्या पॅकेटचा बोलण्यात काही उपयोग नाही. बॅकअप मात्र दोन मिनिटं थांबू शकतो.

फोन आपल्या आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी 46 हा अग्रक्रमाचा शिक्का स्वतःच मारत होता. स्विचवर क्यूओएस, म्हणजे कुणाला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय, मी मागच्या वर्षीच चालू केलं होतं, पण फोनच्या पोर्टला 'ट्रस्ट' दिलं नव्हतं, म्हणजे त्याच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायला सांगितलं नव्हतं. या स्विचमध्ये ट्रस्ट नसलेल्या पोर्टवरून आलेला शिक्का पुसून 0 होतो. म्हणजे आवाज वर्षभर कॅमेऱ्यांच्याच रांगेत उभा. चूक माझी.

आता फोनच्या पोर्टवर डीएससीपी ट्रस्ट, कॅमेऱ्यांच्या पोर्टवर नाही. 46 सगळ्यात वरच्या रांगेत, तीच एक 'स्ट्रिक्ट'. बाकीच्यांना ठरवून दिलेल्या वाट्याप्रमाणे पाळी. कॅमेऱ्यांनाही स्ट्रिक्टमध्ये घाला, असं ऑफिसातून सुचवलं गेलं. मी ठाम नाही म्हणालो. स्ट्रिक्ट रांग रिकामी होईपर्यंत खालच्यांना पाळी मिळत नाही, तिथं फक्त आवाजच हवा. ऑफिसच्या स्विचवरही हीच मांडणी केली, कारण उलट्या दिशेची रांग तिथं लागते.

मग मुद्दाम भर दुपारी बॅकअप लावून फोन केला. आवाज स्वच्छ. स्विचमधले पॅकेट मोजणारे काउंटर पाहिले: खालच्या रांगेत पॅकेट गळत होते, वरच्या रांगेत शून्य.

संध्याकाळी लाइट गेली, आली, आणि आवाज पुन्हा तुटला. सेटिंग स्टार्टअपमध्ये, म्हणजे स्विच सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये, सेव्ह करायची राहिली होती. रात्री जाऊन पुन्हा भरली, सेव्ह केली, दोन्ही स्विच बंद करून चालू करून पाहिले. जिनिंगमध्ये कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की ठिणगी पडू शकते; रुईच्या ढिगाजवळून आग विझवायच्या पंपावर जाणारा फोन याच लाइनवर आहे. म्हणून निघण्याआधी तोही लावून पाहिला. पंपावरच्या माणसानं पहिल्याच वेळी सगळं ऐकलं.