केतकीला गुणी करायचं नाही

केतकी सोळा वर्षांची, इंदूरला रामबागेत राहणारी, आणि तिरसट. आजीच्या डब्यातल्या चकल्या चोरून खाते आणि आळ धाकट्या भावावर ढकलते. मैत्रिणीचं गुपित वर्गात फोडते. तिच्यावर किशोरवयीन कादंबरी लिहायला घेतली तेव्हा पहिला विरोध घरातूनच झाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मुलींनी वाचायचं ना हे? मग जरा गुणी मुलगी घे की."

एका प्रकाशकांचं म्हणणंही फारसं वेगळं नव्हतं. भाषा छान, पण नायिकेबद्दल सहानुभूती वाटत नाही, तिच्या वागण्याला काही कारण द्या. फोनवर त्यांनी कारणही सुचवलं: वडील लहानपणीच गेलेले दाखवा. मी केतकीच्या बाबांना मारलं नाही. ते धडधाकट आहेत, वीज मंडळात नोकरीला आहेत, आणि रविवारी पोरांना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत नेऊन खोपरा पॅटिस खाऊ घालतात. आयुष्यात काही दुःख असलं तरच मुलगी वाईट वागते, हे मला मुळीच पटत नाही. (सोळाव्या वर्षी मी कशी होते, ते माझ्या आईला विचारा.)

अडचण दुसरीच होती. केतकीचा वाईटपणा सगळा तोंडी होता, पानंच्या पानं टोमणे. तो हातून घडताना दिसायला हवा होता, आणि आमच्या घरांमध्ये हात चालतात ते स्वयंपाकघरात.

तिथे गराडू कामाला आला. माळव्यात थंडीत हा कंद येतो. सोलायचा, फोडी करून दोनदा तळायचा, वर लिंबू आणि जीरावन मसाला. सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे त्याच्या कढया चढतात. घरी करायचा तर एक खबरदारी घ्यावी लागते. कच्चा गराडू हाताला खाजतो, म्हणून सोलण्याआधी तेल चोळायचं. इंदूरच्या आज्यांना हे सांगावं लागत नाही. पुण्याहून सुट्टीला आलेल्या आतेबहिणीला, सईला, ते कुठून ठाऊक असणार? त्यातून घरात सगळे तिचंच कौतुक करून राहिलेले. केतकी तिच्यापुढे परात सरकवते आणि तेलाची वाटी पोह्यांच्या डब्यामागे ठेवते. एवढंच.

हे प्रकरण भाचीला वाचून दाखवलं. ती दहावीत आहे. मला वाटलं, केतकीला शिक्षा काय झाली म्हणून विचारेल. तिने विचारलं, "मग गराडू खाल्ले की फेकले?"

खाल्ले तर! सई लाल हातांना चिंचेचं पाणी चोळते आणि हट्टाने स्वतःच तळायला उभी राहते. आधी मंद आचेवर, मग कडक तेलात. गराडू झकास होतात. सगळ्यांत जास्त केतकीच खाते. माफी मागत नाही, फक्त म्हणते, "मीठ कमी आहे." आणि मीठ खरंच कमी असतं.

ही ओळ लिहिली आणि पोरगी माझ्या हाती लागली. इतर बाबतींत ती बेधडक खोटं बोलते, चवीच्या बाबतीत कधीच नाही. आत्याने केलेल्या भुट्ट्याच्या किसाला सगळे वा वा करतात, तेव्हा ही एकटी सांगते की तो खाली लागलाय, दूध घातल्यावर कुणी हलवलाच नाही. मग मागची सगळी प्रकरणं पुन्हा काढली. टोमणे छाटले, तिची जीभ ठेवली. ती वाचकाला आवडावी ही खटपट सोडून दिली; तिचं म्हणणं सहजी खोडता येऊ नये, एवढंच बघत गेले. या फेरीला मात्र पहिल्या लिखाणापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसऱ्या एका प्रकाशकांनी हस्तलिखित घेतलं. केतकीबद्दल त्यांची काही तक्रार नाही. तक्रार एवढीच की इंदुरी हिंदी फार झालीय, आणि गराडू, जीरावन यांना तळटिपा हव्यात. "क्या भिया" थोडे कमी केले. तळटिपा दिल्या नाहीत. हात का खाजतात, हे पुण्याच्या वाचकाला सईबरोबरच कळू दे.