पॉलिश कोणतं, हे आराखड्यासोबतच ठरवा

सांधे कुठले, फळीची जाडी किती, यावर आपण महिनोन्महिने डोकं चालवतो आणि पॉलिशचा विचार मात्र वस्तू तयार झाल्यावर करतो. मी आता कागदावर पहिली रेघ ओढतानाच दोन गोष्टी लिहून ठेवते: ही वस्तू रोज काय सोसणार आहे, आणि मी तिच्यावर पॉलिश फवारणार कुठे.

सध्या हातात जेवणाचं सागवानी टेबल आहे. त्यावर गरम पातेली येणार, पाणी सांडणार, रोज ओलं फडकं फिरणार. चपडा लाखेचं पॉलिश माझं सगळ्यात लाडकं, सागाला त्याने जी ऊब येते ती फार सुंदर असते. पण गरम भांडं ठेवलं की लाखेवर पांढरा डाग उठतो आणि स्पिरिट सांडलं की ती विरघळते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर फवारायला सर्वांत सोपं. थिनर उडालं की सुकलं, आणि नवा हात, म्हणजे पॉलिशचा पुढचा थर, आधीच्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे ओरखडा दुरुस्त करणंही सोपं जातं. मात्र दमट हवेत ते पांढुरकं पडतं, शिवाय थिनरची वाफ पेट घेते.

दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) सर्वांत टणक, हे खरं. पण त्यात मिसळाव्या लागणाऱ्या हार्डनरमध्ये, म्हणजे ते कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकात, आयसोसायनेट हे रसायन असतं. त्याची फवार श्वासात गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे अगदी थोडंसंही सोसत नाही. फवारणीची वेगळी खोली आणि बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल, तर घरी ते फवारूच नये, असं माझं ठाम मत आहे. घरात लहान मुलं असतील तर यावर चर्चाही नको.

म्हणून टेबलाला वॉटरबेस, म्हणजे पाण्यातलं पीयू, आणि त्याच्याखाली मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात. साग मुळात तेलकट, त्यामुळे पाण्यातलं पॉलिश त्यावर कधी कधी नीट धरत नाही. लाख ते तेल आत दाबून ठेवते, लाकडाची लव (बारीक तंतू) ओलीने उभी राहू देत नाही आणि वॉटरबेसमध्ये नसलेला पिवळसर उबदारपणाही देते. मेण काढलेलीच घ्यायची, कारण मेण राहिलं तर वरचं पीयू सुटून येतं. लाखही स्पिरिटमधली आहे, तेव्हा जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. वॉटरबेस फवारतानाही कार्ट्रिजवाला मास्क मी काढत नाही.

आता प्रत्यक्ष फवारणी. गन लाकडापासून १५ ते २० सेंटीमीटरवर आणि पूर्ण पट्ट्यात तेवढ्याच अंतरावर. मनगटातून हात फिरवला की मधे थर जाड आणि कडांना पातळ होतो, म्हणून खांद्यातून अख्खा हात सरकवायचा. ट्रिगर कड येण्याआधी दाबायचा, कड ओलांडल्यावर सोडायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे बाजूला खाली ठेवलेला दिवा. त्याचा तिरपा उजेड ओल्या पॉलिशवर पडला की सगळं कळतं. प्रतिबिंब सलग दिसलं तर थर बरोबर बसतोय. खरखरीत, दाणेदार दिसलं तर फवार वाटेतच सुकतेय, जवळ या किंवा हात हळू करा. संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसले तर बहुतेक वेळा पॉलिश फार घट्ट आहे. उभ्या पायांवर ओघळ येऊ लागला तर हात झटपट हलवा, आणि दोन जाड हातांपेक्षा चार पातळ मारा.

दोन हातांच्या मधे ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवते, फक्त धुळीचे कण बोटाला लागू नयेत इतपत. मॅट (बिनचमकीचं) हवं असेल तर खालचे हात ग्लॉसचे (चमकदार) आणि शेवटचा तेवढा मॅटचा. चमक कमी करण्यासाठी मॅटमध्ये बारीक सिलिका घातलेली असते. तिचे बरेच थर चढले की लाकडाच्या रेषा धुरकट दिसतात. ती तळाशी बसते, म्हणून डबा काठीने तळापासून ढवळायचा. गदागदा हलवला की बुडबुडे होतात.

टेबलाची खालची बाजूही सोडू नका. एकाच बाजूला पॉलिश असलं की दोन्ही अंगांनी ओल सारखी आत-बाहेर होत नाही आणि रुंद फळी वाकू शकते. वरून सुकलेलं दिसलं तरी पीयू पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात. तोवर त्यावर ओलं फडकं किंवा गरम भांडं नको.