डॉक्टर व्हायचंय, मग पर्यावरणशास्त्र कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथल्या मंडळाच्या गणपतीत आणि इचलकरंजीहून येणाऱ्या फोनवर, दोन्हीकडे मला हेच विचारतात: "मुलीला डॉक्टर व्हायचंय ना? मग पर्यावरणशास्त्राला का घातलंत? आणि एवढे मार्क असताना स्वस्तातलं सरकारी कॉलेज का?"

आम्ही न्यूयॉर्क राज्यात, आल्बनीजवळ राहतो. मुलगी सिरॅक्यूजच्या सनी ईएसएफमध्ये शिकते. १९११ साली सुरू झालेलं, पर्यावरण आणि वनशास्त्राला वाहिलेलं हे राज्याचं कॉलेज. ती २०२२ साली दाखल झाली तेव्हा राज्यातल्या रहिवाशांना वर्षाची फी ७,०७० डॉलर होती. कॉलेजला अगदी लागून खासगी सिरॅक्यूज युनिव्हर्सिटी आहे. तिथली फी पन्नास हजार डॉलरच्या वर. ईएसएफच्या मुलांना तिथले काही विषयही घेता येतात. आणि चालत जाण्याच्या अंतरावर अपस्टेट हे सरकारी मेडिकल कॉलेज आणि त्याचं हॉस्पिटल. राहण्याजेवणाचा खर्च मात्र फीपेक्षा जास्त होतो, तो हिशेबात आधीच धरा.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडे बारावी, नीट आणि एमबीबीएस अशी सरळ वाट आहे. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर चार वर्षं मेडिकल. 'प्री-मेड', म्हणजे मेडिकलच्या तयारीची, अशी वेगळी पदवी बहुतेक ठिकाणी नसतेच. मेडिकल कॉलेजं ठरावीक विषय मागतात: जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र, लॅबसकट, शिवाय बहुतेकदा बायोकेमिस्ट्री, थोडं गणित किंवा संख्याशास्त्र आणि इंग्रजी. एवढे विषय झाले की पदवी कशात घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

तिनं ते ठरवलं त्याची सुरुवात इचलकरंजीत झाली असं मला वाटतं. २०१२च्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ होती ती. आम्ही सुट्टीला गेलो तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. मामेभाऊ पिवळ्या डोळ्यांनी अंथरुणावर पडलेला, आजी पाणी दोनदा उकळून गाळतेय, आणि हिचा एकच प्रश्न, "औषध देण्यापेक्षा पाणीच नीट का करत नाहीत?" पुढे तिनं मिशिगनमधल्या फ्लिंट शहराबद्दल वाचलं. तिथे २०१४ साली पैसे वाचवायला नळाचं पाणी नदीवरून घेतलं गेलं. पाणी नळ गंजवणारं होतं, पण ते रोखणारं रसायन घातलं नाही, आणि जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं. पाण्याच्या बदलानंतर रक्तात जास्त शिसं असलेल्या लहान मुलांचं प्रमाण सुमारे दुप्पट झाल्याचं २०१५ साली आकड्यांनिशी मांडलं ते मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी. त्यांची पहिली पदवी पर्यावरणाच्याच शाखेतली. हे कळलं त्या दिवशी मुलगी किती वेळ बोलत होती!

पण हौस असली तरी आधी तपासायच्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या कोणी आपणहून सांगत नाही. पहिली, पर्यावरणशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांत ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं एकच सत्र असतं, काही ठिकाणी तेही नसतं. दुसरं सत्र आणि बायोकेमिस्ट्री ऐच्छिक विषयांच्या जागेत बसवावी लागते. आम्ही पहिल्याच सत्रात सल्लागाराबरोबर बसून चारही वर्षांचा तक्ता कागदावर मांडला. दुसरी, मेडिकलच्या सामायिक अर्जात जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांची सरासरी वेगळी काढतात. परिसंस्थाशास्त्र जीवशास्त्रात धरलं जातं, पण माती किंवा पर्यावरणशास्त्राचे विषय त्या सरासरीत येत नाहीत. तिथे चांगले मार्क मिळाले म्हणून केमिस्ट्रीतलं नुकसान भरून निघत नाही. हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं, तुम्हाला आधी कळावं.

पैशांचं सांगते, कारण खरा प्रश्न तोच असतो. एका नावाजलेल्या खासगी कॉलेजानं तिला मोठी 'मदत' देऊ केली होती. पत्र वाचून आम्ही हरखलो. रात्री नवऱ्यानं पेन घेऊन एकेक ओळ तपासली, तर त्यातला बराच भाग कर्ज होता. कर्जाला मदत म्हणतात, हे मला आजही पटत नाही. तेव्हा पत्र आलं की फक्त परत न द्यायची रक्कम वजा करा आणि उरलेल्या आकड्याची तुलना करा. आता तर हे जास्तच महत्त्वाचं झालंय. २०२५च्या कायद्यानं मेडिकलच्या नव्या विद्यार्थ्यांना १ जुलै २०२६ पासून सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच मिळणार. पूर्वी खर्चाइतकं मिळायचं. म्हणून पदवीत वाचलेला प्रत्येक डॉलर पुढे उपयोगी पडणार आहे.

एच-फोरवर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या आईवडिलांच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी एक नीट ऐका. अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत या मुलांना मिळत नाही. राज्याच्या दरानं फी लागेल का, हे राज्याराज्यावर ठरतं. आणि अनेक मेडिकल कॉलेजं फक्त नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. भारतातून थेट प्री-मेडसाठी मुलांना पाठवायचा विचार करणाऱ्यांनाही मी हेच सांगते. दार पूर्ण बंद नाही, पण फार अरुंद आहे. घर गहाण टाकून यायचं असेल तर आधी माझ्याशी बोला.

मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. एमकॅटचा अभ्यास चाललाय, शनिवारी हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून जाते. प्रवेश मिळेल का, मला माहीत नाही. पण नाही मिळाला तरी ती पाण्यावर काम करू शकेल, आणि डोक्यावर कर्ज नसेल. आम्ही तिला दाखल केलं तेव्हा दोघांनी मिळून एवढंच बघितलं होतं.

तुमच्या मुलांनी कॉलेजांची यादी काढली असेल तर मला पाठवा. ऑरगॅनिकची दोन्ही सत्रं कुठे बसतात ते आधी बघू.